डोस द्यावा की थांबावं? वाडीतल्या पालकांसाठी

खाडीकाठ:
आमच्या वाडीत तीन घरांनी या महिन्यात पेंटाचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला धरून पाच रोगांवरच्या एकाच लसीचा, दुसरा डोस नाकारला. कारण एकच, पहिल्या डोसनंतर बाळ रात्रभर तापलं. आशाताई दारातून परत गेल्या. मला हे बघवत नाही, म्हणून लिहितेय. माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे व्रण होते, तिची दोन भावंडं त्यातच गेली. देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, माणसं आली की लोक पोरं घेऊन रानात लपत, हेही तीच सांगायची. घटसर्प, डांग्या खोकला आजच्या आयांनी पाहिलेलाच नाही. ताप मात्र समोर दिसतो.

बंदरावरचा:
दिसतो तो ताप लहान नसतो, ताई. थोरल्याला दीड वर्षाच्या बूस्टरनंतर रात्री अकराला झटका आला. वाहन नाही, शेवटी मासळीच्या टेम्पोतून नेला. ताप येईल एवढंही कुणी सांगितलं नव्हतं, कार्डावर फक्त पुढची तारीख. आता धाकटीला न्यायला मन धजत नाही. आणि पोलिओच्या थेंबांनीच पोलिओ होतो, हे खोटं आहे का?

निवृत्त सिस्टर:
खोटं नाही, दादा. थेंबांत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो, लाखोंत एखाद्या बाळाला त्यातूनच लुळेपणा येऊ शकतो. म्हणून तर २०१५ च्या अखेरीस आपल्याकडे पोलिओचं इंजेक्शन सुरू झालं आणि २०१६ मध्ये थेंबांतला टाईप दोनचा विषाणू काढला. पण त्याच थेंबांच्या जोरावर मूळ पोलिओ देशातून गेला. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा, हावड्याचा.
पेंटाने आणि बूस्टरने ताप येतो तो त्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे, त्यात अख्खे मारलेले जंतू असतात. डोसनंतर अर्धा तास बसवायचं, तापाचं औषध समजावून द्यायचं, हे आमचं काम. ते झालं नाही, ही चूकच. तापातल्या झटक्याचं बहुतेक मुलांत पुढे काही राहत नाही, तरी धाकटीच्या वेळी डॉक्टरांना आधी सांगा.

सड्यावरचा:
गोवर आम्हा सगळ्यांना येऊन गेला. कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं, बरे झालो. शिवाय आता वाडीत गोवर आहे कुठे?

खाडीकाठ:
२०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या बाजूला साथ आली, मुलं दगावली. गोवंडी आणि आपली वाडी यांच्यात एका रात्रीची एसटी आहे. गणपतीला, शिमग्याला घरं भरतात. लस नसलेल्यांत गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देतो. बागांतल्या नेपाळी राखणदारांची, नौकांवरच्या खलाशांची पोरंही इथेच वाढतात, त्यांची कार्डं कुठेतरी गावाकडे राहिलेली. आणि नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला गोवराचा डोस एरवी देत नाहीत. त्याला आपणच सांभाळायचं.

निवृत्त सिस्टर:
गोवर उतरल्यावर काही मुलांना न्यूमोनिया धरतो, काहींचे डोळे जातात. ते पाल्याने थांबत नाही.

बंदरावरचा:
गोवराचं पटलं. पण उपकेंद्राच्या भिंतीवर आधी लिहून लावा, कुठल्या डोसने ताप येतो, किती दिवस, रात्री कुणाला फोन करायचा. १०८ सांगू नका, आमच्याकडे पोचायला तिला पाऊण तास लागतो.

निवृत्त सिस्टर:
तापाचं मी उद्याच लिहून देते. रात्रीच्या गाडीचं ग्रामसभेत आपण दोघं मिळून मांडू.