मुलगा गमावलेल्या आईच्या आठवणी: संपादन करताना कुठून हात घालावा?

शाईदौत (प्रश्न)
एका आईनं लिहिलेल्या आठवणी संपादनासाठी आल्या आहेत. फुलस्केपची २४० पानं. मुलाला एकोणिसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया सुरू झाला, एकतिसाव्या वर्षी त्यानं आत्महत्या केली. लग्न झालं नव्हतं, धाकटी बहीण आहे. लिखाण अगदी खरं आहे, पण मुलगा पहिल्या पानापासून आजारीच दिसतो आणि साल-महिने जुळत नाहीत. शेवटच्या दिवसाची सात पानं मिनिटामिनिटाची आहेत. शिवाय मुलाच्या डायरीतले उतारे आहेत, आणि एका डॉक्टरांवर आरोप. सुरुवात कशी करावी?

पानकोर
आधी भाषेला हात लावू नका. कालपट करा. एका लांब कागदावर महिन्यांचे रकाने पाडा आणि कागदावर तारीख आहे तेवढंच त्यात भरा: गुणपत्रिका, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, केमिस्टची बिलं. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध चालू असेल तर रक्ततपासणीचे रिपोर्टही असतील, कारण पांढऱ्या पेशी कमी होण्याच्या धोक्यामुळे सुरुवातीला ती तपासणी दर आठवड्याला करावी लागते. त्या रिपोर्टांवरून महिनेच्या महिने पक्के बसतात. आईच्या आठवणी त्यानंतर पेन्सिलीनं भरायच्या.

आता मुलगा पहिल्या पानापासून आजारी का दिसतो, ते. पुढचं माहीत असलेली आई मागचं लिहिते, तेव्हा पाचव्या वर्षीचा हट्टही लक्षण होऊन बसतो. त्यासाठी दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. त्या वेळी घरात जे माहीत होतं त्याखाली निळी रेघ, नंतर कळलं त्याखाली लाल. पहिल्या पन्नास पानांत लाल जास्त निघेल. तो भाग पुसायचा नाही, निदान झालं त्या प्रकरणात न्यायचा. म्हणजे कॉलेजला न जाणं, रात्र रात्र जागणं, आंघोळ टाळणं हे वाचकाला आधी आळसच वाटेल, जसं घरच्यांना वाटलं होतं. या आजाराची सुरुवात अशीच फसवी असते.

मोकळ्या झालेल्या जागी आजाराशी संबंध नसलेला मुलगा हवा. आईंना एकेकच नेमका प्रश्न विचारा: सायकल कोणती होती? भाकरी कशाशी खायचा? बहिणीला काय म्हणून चिडवायचा? “त्याच्याबद्दल सांगा” म्हटलं की पुन्हा आजारच येतो.

देवऋषी, अंगारे, “लग्न केलं की ताळ्यावर येईल” म्हणणारे नातेवाईक, हे सगळं ठेवा. लाजेपोटी हाच भाग पहिल्यांदा कापला जातो आणि मग उपचाराला इतका उशीर का झाला, ते पुस्तकात कुठेच कळत नाही.

निळी रेघ
त्या सात पानांबद्दल. आईंनी ती लिहिली हे बरंच झालं. मूळ प्रत त्यांच्याकडे जपून राहू द्या. छापताना मात्र पद्धत, साधन, जागा आणि चिठ्ठीतला मजकूर, चारही गोष्टी काढा. तपशील वाचून त्याच अवस्थेतला दुसरा कुणी तेच करू शकतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचनांत हे वर्ज्य आहे. प्रेस कौन्सिलनंही २०१९मध्ये त्याच धर्तीची तत्त्वं स्वीकारली. पुस्तकाला ती बांधील नाहीत, पण पाळावीत. एकच कारण देणारी वाक्यंही तपासा: “त्या दिवशी मी रागावले म्हणून.” आईंना तसं वाटलं असेल तर “मला वाटत राहिलं” असं त्यांच्याच तोंडी ठेवा, घटनेचं कारण म्हणून नको. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच प्रकरणाच्या शेवटी द्या, मलपृष्ठावर कुणाचं लक्ष जात नाही.

दोन शब्द घोटाळा करतात. “तो गेला” हे वाक्य होस्टेलला गेला, घर सोडून गेला आणि वारला, तिन्हींसाठी आलं असणार, तेव्हा प्रत्येक ठिकाणी क्रियापद पाहा. आणि “औषध घेतलं” याचा गावाकडे भलताच अर्थ लागतो. तिथे “गोळ्या घेतल्या” असंही नको, “सकाळची गोळी घेतली” इतकं स्पष्ट लिहा.

पानकोर यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. सगळाच लाल मजकूर पुढे नेऊ नका. मुलगा गेला हे पहिल्याच पानावर एका वाक्यात सांगून टाका, नाहीतर वाचक दोनशे पानं “मुलगा जगेल का?” याच धास्तीत वाचतो.

कलमदान
कायद्याचं थोडं. डायरीची वही कुणाच्या कपाटात आहे त्यावर छापण्याचा हक्क ठरत नाही. लेखनहक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागे वारसांचा. मृत्युपत्र नसेल आणि हिंदू वारसा कायदा लागू असेल, तर अविवाहित, अपत्य नसलेल्या मुलाची पहिल्या वर्गातली वारस आईच, वडील दुसऱ्या वर्गात येतात. इथे म्हणून अडचण नाही. बायको किंवा मूल असतं तर त्यांचाही वाटा आला असता. मित्रांनी मुलाला लिहिलेली पत्रं मात्र मित्रांचीच, त्यांची लेखी परवानगी घ्या.

डॉक्टरांवरच्या आरोपाला कागद हवा. दाखल असलेल्या रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपण्याचं बंधन वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांत आहे, म्हणून जुनं काही मिळेलच असं नाही. कागद नसेल तर आईंनी प्रत्यक्ष ऐकलं-पाहिलं तेवढंच ठेवा, “निष्काळजीपणा” हा शब्द काढा. नुसतं नाव बदलून भागत नाही, गाव आणि दवाखान्याच्या खुणाही बदला.

शाईदौत
कालपट सुरू केला. बहिणीला कच्चा खर्डा दाखवावा की पक्का?

निळी रेघ
कच्चा. पक्का दाखवला की “आता काय बदलणार” म्हणून ती गप्प बसेल. तिचा उल्लेख असलेली पानं वेगळी काढून द्या, पंधरा दिवस द्या, आणि नको म्हणेल ते कारण न विचारता काढा. शेवटचं प्रकरण त्या गठ्ठ्यात घालू नका. ते वाचायचं की नाही, हे आधी तिला विचारा.