मदत हवी आहे: डिस्क गोल्फमध्ये ठरायच्या आतच डिस्क उचलली, मग ओबी (हद्दीबाहेर) धरायचं का?

जाणकारांनी मत द्यावं, ही विनंती.

क्लबची डिस्क गोल्फची (डिस्क टाकत टाकत प्रत्येक होलच्या टोपलीत घालायची) छोटी स्पर्धा होती. पीडीजीएचे, म्हणजे या खेळाच्या संघटनेचे, नियम लागू, हे आधीच सांगितलेलं. गटात आम्ही चौघं, स्कोअरकार्ड माझ्याकडे. एका होलला उजव्या हाताला तळं आहे आणि पाणी ओबी. काठाला ना दोरी, ना खुंट्या. एकाचा ड्राइव्ह (होलचा पहिला लांब थ्रो) पाण्यावर गेला, वळून काठाकडे आला आणि उंच गवतात दिसेनासा झाला. आम्ही तिघं पोचेपर्यंत त्याने डिस्क उचलून तिथे मिनी (जागेची खूण करायची छोटी डिस्क) ठेवलीसुद्धा. म्हणाला, "अर्धी गवतावर होती." डिस्क ओली होती, पण गवतही ओलंच, त्यामुळे त्यावरून काही ठरेना.

एकाचं म्हणणं, सरळ ओबी. दुसरा म्हणाला, शंकेचा फायदा टाकणाऱ्याला. मला दिसलंच नव्हतं, तसं मी सांगितलं. शेवटी पेनल्टी न लावता पुढे गेलो. माणूस सरळ आहे, तो खोटं बोलला असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण नियम काय सांगतो? आणि अशा वेळी जबाबदारी कोणाची: टाकणाऱ्याची, गटाची, की काठ न आखणाऱ्या संचालकाची?

— काठावरचा

---

ओबी. यात शंकेला जागाच नाही. डिस्क आत की बाहेर हे स्पष्ट नसेल तर गटाने बहुमताने किंवा अधिकाऱ्याने ठरवायचं असतं. ते ठरायच्या आत टाकणाऱ्यानेच ती हलवली, तर ती ओबी धरली जाते. दुसऱ्या कोणी हलवली असती तर उलट, म्हणजे आत धरली असती. नियम कडक वाटतो, पण त्याशिवाय काठावरची प्रत्येक डिस्क "मी पाहिली" एवढ्यावर आत येईल.

— तिरपा थ्रो

---

थोडा असहमत. गटात बहुमत होत नसेल तर टाकणाऱ्याच्या फायद्याचा निर्णय घ्यायचा, हेही नियमातच आहे. इथे बहुमत कुठे झालं?

— साखळीचा आवाज

---

तो नियम डिस्क जागेवर असताना. चौघं वाकून बघतायत, दोघं आत म्हणतात, दोघं बाहेर, तेव्हा टाकणाऱ्याचा फायदा. इथे बघायला डिस्कच उरली नव्हती. एरवी ओबीची अट टाकणाऱ्याच्या बाजूचीच आहे: डिस्क चारही बाजूंनी ओबीने पूर्ण वेढलेली असावी लागते. तिची कड जरी आतल्या जमिनीला लागत असली तरी ती आत. म्हणजे हात न लावता हाक मारली असती तर बहुधा सुटला असता.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. डिस्क पाण्यावरून वळून आली म्हणता, मग शेवटची आत कुठे होती हे कोणी पाहिलं? ओबी झाल्यावर एक पेनल्टी थ्रो घेऊन मागच्या लायवरून (थ्रो टाकायच्या जागेवरून) टाकता येतं, नाहीतर डिस्क जिथे शेवटची आत होती तिथून एक मीटरच्या आत मिनी ठेवता येते. ती काठाच्या गवतावरून जाऊन मग पाण्यात पडली असेल तर लाय इथेच, काठाशी. पाण्यावरच राहिली असेल तर पार मागे, जिथे तिने पहिल्यांदा काठ ओलांडला तिथे. फरक मोठा पडतो. आणि आपल्याकडे थ्रो झाला रे झाला की बाकीचे तिघं आपापल्या पिशवीत डोकं घालतात!

— तिरपा थ्रो

---

संचालकाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पाणी घटतं-वाढतं, गवत पाण्यावर झुकतं. "पाणी ओबी" एवढंच सांगून भागत नाही. दोरी ताणा किंवा खुंट्या ठोका. दोरी असली की वादही कमी, कारण रेषा स्वतः ओबीतच धरतात, म्हणजे आतल्या कडेपर्यंत बघायचं. अर्थात तेवढ्याने खेळाडू सुटत नाही. खेळण्याआधी बैठकीला जाऊन ओबी, मँडो (ठरलेल्या बाजूनेच डिस्क नेण्याची सक्ती), ड्रॉप झोन (पुढचा थ्रो टाकायची नेमलेली जागा) समजून घेणं ही त्याचीच जबाबदारी. काठ कुठून धरायचा, हे तिथेच विचारायला हवं होतं, चौघांपैकी कोणीही.

— खुंटीवाला

---

सगळ्यांचे आभार. नियम कळला. आता एकच अडचण: पुढच्या वेळी गटाचा निर्णय टाकणाऱ्याला पटला नाही आणि अधिकारी जवळ नसेल तर? तासभर तिथेच वाद घालत बसायचं का?

— काठावरचा

---

नाही. प्रोव्हिजनल (धरायचा की नाही हे नंतर ठरणारा थ्रो) टाकायचा. एकदा आत धरून होल पूर्ण करायचा, एकदा ओबी धरून. दोन्ही आकडे कार्डावर लिहायचे आणि फेरी संपल्यावर संचालकाला विचारायचं. तो म्हणेल तो आकडा कायम. फक्त "हा प्रोव्हिजनल" असं टाकायच्या आधी मोठ्याने सांगा, नाहीतर त्यावरून नवा धागा काढावा लागेल.

— तिरपा थ्रो