‘राखीव’, ‘बदली’ आणि शरीराचा ‘कस’

प्रश्न : व्यावसायिक फुटबॉलमध्ये पहिल्या मिनिटापासून खेळणाऱ्या आणि उत्तरार्धात मैदानात उतरणाऱ्या खेळाडूंच्या शरीरांना किती आणि कशा प्रकारचे श्रम पडतात, या विषयावरील मजकूर मी इंग्रजीतून मराठीत आणत आहे. पहिल्या खर्ड्यात मी ‘प्रारंभिक खेळाडू’, ‘पर्यायी खेळाडू’ आणि ‘शारीरिक मागण्या’ असे शब्द योजले होते, परंतु वाचून पाहता तिन्ही परके वाटले. याहून चपखल शब्द कोणते?

उत्तर : तिन्हींपैकी ‘शारीरिक मागण्या’ हा शब्द आधी काढावा. मराठीत मागणी म्हटली की मागणारा कोणीतरी लागतो. तो गिऱ्हाईक असेल, कामगार संघटना असेल किंवा मुलीला मागणी घालणाऱ्या घरचा वडीलधारा असेल, पण खेळ कोणाकडे काही मागत नाही. आपण सहज बोलताना ‘या खेळात शरीराचा कस लागतो’ असे म्हणतो आणि तेच येथे योग्य आहे. सोने कसोटीच्या दगडावर घासून त्याचा कस पाहतात. नव्वद मिनिटांचा सामना शरीराचे तेच करतो.

मात्र ‘कस’ हा शब्द आकड्यांना जुळत नाही. जिथे किलोमीटर, वेग आणि हृदयाचे ठोके येतात, तिथे ‘भार’ आणि ‘ताण’ अशी जोडी वापरावी, आणि ती सरमिसळ न करता वापरावी. खेळाडू किती अंतर धावला, त्यातले किती वेगात धावला, कितीदा थांबून पुन्हा झेपावला, हा झाला भार. त्यामुळे त्याच्या हृदयाची गती किती वाढली, स्नायू किती थकले, हा झाला ताण. गोलरक्षक सोडल्यास व्यावसायिक खेळाडू एका सामन्यात साधारण दहा ते बारा किलोमीटर अंतर कापतो, पण तेच दहा किलोमीटर दोघांनी कापले तरी दोघांवरचा ताण सारखा नसतो. भार आणि ताण हा भेद आपल्या भाषेत आयता आहे. त्यासाठी नवे शब्द पाडण्याची गरज नाही.

‘प्रारंभिक खेळाडू’ वाचले की डोळ्यांपुढे नवशिका येतो. ‘सलामीचा खेळाडू’ म्हणावे तर तो क्रिकेटचा फलंदाज झाला. ‘पहिल्या अकरांतील खेळाडू’ किंवा ‘सुरुवातीपासून खेळलेला खेळाडू’ हे शब्दप्रयोग लांब आहेत, पण त्यांत गैरसमजाला जागा नाही.

खरी गंमत तिसऱ्या शब्दाची आहे. ‘पर्यायी’ म्हटले की रस्ता खोदल्यावर लावलेला पर्यायी मार्गाचा फलक आठवतो, म्हणून तो मला पसंत नाही. इंग्रजीत मैदानाबाहेर बसलेल्याला आणि मैदानात उतरलेल्याला सहसा एकच शब्द (‘सब्स्टिट्यूट’) आहे. मराठीत मात्र दोन आहेत. बाहेर बसलेला तो ‘राखीव’ आणि दुसऱ्याच्या जागी आत आला की ‘बदली’. कबड्डीच्या मैदानावर हा फरक पूर्वीपासून पाळला जातो : सात जण आत, उरलेले राखीव. आपल्या विषयात तर तो फार कामाचा आहे, कारण राखीव खेळाडूच्या शरीराचा प्रश्न वेगळा आणि बदली खेळाडूचा वेगळा. सामन्यापूर्वी मोकळे केलेले अंग बाकावर तासभर बसून पुन्हा आखडते आणि इशारा आला की काही मिनिटांत त्याला पूर्ण वेगाने धावावे लागते, ही राखीव खेळाडूची अडचण आहे. (येथे ‘अंग तापवणे’ लिहू नये, वाचकाला ताप आल्यासारखे वाटेल. ‘अंग मोकळे करणे’ हेच बरे.)

बदली खेळाडूविषयी लिहिताना ‘जास्त’ या शब्दापासून सावध राहावे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोर, क्रुस्ट्रुप आणि बांग्सबो यांच्या अभ्यासात असे दिसले होते, की शेवटच्या पंधरा मिनिटांत बदली खेळाडूंनी वेगात धावून कापलेले अंतर आधीपासून खेळत असलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक होते. याचे भाषांतर ‘बदली खेळाडू जास्त धावतात’ असे केले, तर ते चुकीचे ठरेल. एक काल्पनिक हिशेब पाहा. नव्वद मिनिटांत १०,८०० मीटर धावलेल्याचा दर मिनिटाला १२० मीटर पडतो, तर वीस मिनिटांत २,६०० मीटर धावलेल्याचा १३०. दुसऱ्याने एकूण चौथा हिस्साही अंतर कापलेले नाही, तरी त्याचा दर वरचढ आहे. म्हणून ‘दर मिनिटाला अधिक’ हे शब्द प्रत्येक वेळी लिहावेत, कितीही पुनरुक्ती झाली तरी.

या फरकाचे कारण सांगायलाही आपल्याकडे नेमका वाक्प्रचार आहे. नव्वद मिनिटे काढायची आहेत हे ठाऊक असलेला खेळाडू हातचे राखून धावतो; बदली खेळाडूला, बाकावर असेतो त्याला राखीव म्हणत असलो तरी, काही राखायचे कारण उरत नाही. तो ‘ताज्या दमाचा’ असतो. ‘नव्या दमाचा’ मात्र म्हणू नये, कारण त्याचा अर्थ आता नव्या पिढीचा असा झाला आहे. २६ मे १९९९ रोजी बार्सिलोनात झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडसाठी अखेरच्या क्षणांत गोल करणारे शेरिंगहॅम आणि सोल्शेअर हे दोघेही बदली म्हणून उतरले होते, आणि शेरिंगहॅमने तर तिशी ओलांडलेली होती. त्याला ताज्या दमाचा म्हणता येईल, नव्या दमाचा नाही.

आक्षेप : विवेचन पटले, पण ‘बदली’ हा शब्द मला खटकतो. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी फाटकापाशी उभे राहायचे, कायम कामगार गैरहजर असेल तर त्या दिवसाचे काम मिळायचे, नाहीतर डबा तसाच घरी यायचा. १९८२च्या संपात बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती, ती उगीच नव्हती. ज्या शब्दात एवढी लाचारी साठलेली आहे, तो कोट्यवधींच्या करारावर खेळणाऱ्या माणसाला कसा लावायचा?

उत्तर : आपला आक्षेप मी बाजूला सारत नाही, कारण शब्दाला त्याचा वास असतोच. परंतु फुटबॉलमध्येही या शब्दाची सुरुवात आपल्या आजोबांच्या अर्थानेच झाली आहे. इंग्लंडच्या लीगमध्ये १९६५-६६च्या हंगामात प्रथम बदलीची मुभा मिळाली, ती एका खेळाडूपुरती आणि कोणी जखमी झाल्यासच; २१ ऑगस्ट १९६५ रोजी चार्ल्टन अथलेटिकचा कीथ पीकॉक उतरला, तो त्यांचा गोलरक्षक जायबंदी झाला म्हणून. कोणी गैरहजर असेल तरच आत, हाच तो नियम. पुढे मुभा वाढत गेली, विश्वचषकात १९७० पासून बदल होऊ लागले, २०२० साली साथीच्या काळात पाच बदलांची तात्पुरती परवानगी मिळाली आणि २०२२ मध्ये ती नियमात कायम झाली. आज प्रशिक्षक आधीच ठरवतो की साठाव्या मिनिटाला अमुक जण आत जाईल. शब्द तोच राहिला, काम बदलले. शिवाय ‘बदली’ टाळून ‘राखीव’च सरसकट वापरला, तर वर सांगितलेला भेद हातचा जाईल.

फाटकावरून परत जाणाऱ्या कामगाराची आठवण मात्र या विषयात एका ठिकाणी तंतोतंत लागू पडते. जो राखीव खेळाडू उतरलाच नाही, त्याच्या शरीरावर त्या दिवशी सामन्याचा भार पडलेला नसतो, आणि असे चार-सहा आठवडे गेले तर त्याची तयारी उतरते. म्हणून सामना संपून प्रेक्षक जिन्यांकडे निघालेले असताना हे चार-पाच जण रिकाम्या होत चाललेल्या मैदानावर एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत वेगाने धावत असतात. त्या धावण्याला आपण ‘भरपाईचा सराव’ म्हणावे असे मी सुचवणार होतो. आता आपला आक्षेप वाचल्यावर ‘भरपाई’ऐवजी ‘पूरक सराव’ लिहावे असे वाटते.