मदत हवी आहे: एडीएच-१ वाढवूनही कृमी जास्त का जगत नाहीत?

परळकर: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सी. एलिगन्स या सूक्ष्म गोलकृमीच्या आयुर्मानाची चाचणी लावली आहे. एक गट मद्य पचवणारं एडीएच-१ जनुक जास्त चालणारा, दुसरा एनटू, म्हणजे प्रयोगशाळेतला नेहमीचा मूळ वाण. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या आयलीन ओरूर्क यांच्या गटाने २०२३ मध्ये हे जनुक वाढवून कृमींचं आयुष्य लांबल्याचं दाखवलं होतं. इथे मात्र दोन्ही गट सरासरी १३ दिवसांत मरतात. इन्क्युबेटर २० अंशांवर, एनजीएम (कृमी वाढवायचं नेहमीचं आगर माध्यम) प्लेट, खाद्य ओपी५० हे जिवाणू, पिल्लं होऊ नयेत म्हणून एफयूडीआर हे औषध ५० मायक्रोमोलर. त्यात मुंबईचा पाऊस, प्लेट वाळतच नाहीत. चूक कुठे शोधू? आणि अहवालात माणसाबद्दल काय लिहू?

सूक्ष्मदर्शी: आधी तापमान बघा. २० अंशांवर एनटू साधारण १८ ते २० दिवस जगतो. १३ दिवस हा २५ अंशांजवळचा आकडा आहे. इन्क्युबेटरच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून प्रत्येक कप्प्यात रात्रभर ठेवा. दोन्ही गट एकाच कप्प्यात हवेत.

जीवरसायन_कट्टा: तापमानाचं पटतं, पण गटांत फरक का नाही याचं उत्तर तुमच्या प्लेटमध्येच असू शकतं. एनजीएममध्ये कोलेस्टेरॉल घालतो ते इथेनॉलमध्ये विरघळवून, लिटरला १ मिली. म्हणजे प्लेटमध्ये सुमारे १७ मिलिमोलर इथेनॉल आलंच! एरवी याकडे कोणी बघत नाही, पण तुमचं जनुक नेमकं तेच पचवतं. कोलेस्टेरॉल वगळताही येत नाही, कृमी स्टेरॉल स्वतः बनवू शकत नाहीत. म्हणून दोन्ही गटांच्या प्लेट एकाच फ्लास्कमधून ओता, माध्यम ५५ अंशांवर आल्यावरच कोलेस्टेरॉल घाला आणि लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) झाकण उघडून सारखाच वेळ वाळवा. पावसाळ्यात ओल्या राहिलेल्या प्लेटमध्ये इथेनॉलही जास्त टिकतं, बुरशी लागते ती वेगळीच.

दुसरा संशय ग्लिसरॉलचा. ओपी५० फ्रीझरमधल्या ग्लिसरॉल स्टॉकमधून थेट पसरवत असाल तर लगेच थांबवा. ग्लिसरॉल आणि त्यापासून होणारं ग्लिसराल्डिहाइड कमी करणं हाच या जनुकाचा फायदा मानला जातो, आणि बाहेरून दिलेलं ग्लिसरॉल कृमींचं आयुष्य घटवतं. स्टॉकमधून आगर प्लेटवर रेघ ओढा, जिवाणूंची एक वसाहत उचला, एलबी या द्रव माध्यमात रात्रभर वाढवा, मग पसरवा.

सूक्ष्मदर्शी: बाहेरून घातलेलं जनुक गुणसूत्रात बसवलेलं नसेल तर ते प्रत्येक पिल्लात उतरत नाही. जनुकासोबत घातलेली चमकणारी खूण दिसते तेच कृमी घ्या, आणि तुलनेला नुसता एनटू नको, फक्त खूण असलेला वाण हवा. एडीएच-१ खरंच वाढलंय का ते क्यूपीसीआरने (जनुक किती चालतंय ते मोजणाऱ्या चाचणीने) तपासा. एफयूडीआर काही वाणांचं आयुर्मान बदलतं, तेव्हा एक छोटा संच त्याशिवाय लावा. अंडी घालणं थांबेपर्यंत कृमी रोज नव्या प्लेटवर हलवा. प्लेटच्या भिंतीवर चढून वाळलेले किंवा पोटात पिल्लं फुटून मेलेले कृमी सेन्सॉर करा, मृत्यूंत धरू नका. गटाला किमान १०० कृमी, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसावा.

जीवरसायन_कट्टा: माणसाबद्दल जपून लिहा. आपल्यात एडीएचची अनेक जनुकं चौथ्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत. त्यांतल्या एडीएच१बी या जनुकाचा एक प्रकार असलेली माणसं सरासरी कमी पितात, त्यामुळे आयुर्मानात फरक दिसलाच तर तो जनुकाचा की कमी पिण्याचा, हे वेगळं काढणं अवघड जातं. दारूने आयुष्य वाढतं असा अर्थ कुणी काढेल असं एकही वाक्य अहवालात नको. नवा संच लावाल तेव्हा तापमानाच्या नोंदी इथे टाका, सर्व्हायव्हल आलेख (कोणत्या दिवशी किती कृमी जिवंत ते दाखवणारा) मिळून बघू.