अनुभव धागा : वायएमसीए आणि आपण कोल्हापूरकर

वायएमसीए, म्हणजे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हटलं की कुणाला बास्केटबॉल आठवतो, कुणाला परगावची परवडणारी खोली. संस्था मात्र निघाली कापडदुकानातल्या पोरांमधून. ६ जून १८४४ रोजी लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स आणि त्याच्यासारखेच काही नोकर प्रार्थनेसाठी जमले. दिवसभर दुकानात राबायचं, रात्री मालकाच्याच जागेत दाटीवाटीनं झोपायचं, आणि सुट्टीच्या वेळी गुत्त्याशिवाय जायला जागा नाही, अशी त्यांची गत. कोलकात्यात १८५७ मध्येच शाखा निघाली. तुमचा संबंध कुठं आला? ख्रिस्ती असा-नसा, लिहा.

न्यू शाहूपुरीतून : आमचं घराणं वायल्डर चर्चचं. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, एवढं आजी सांगायची. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच १८६३ मध्ये जन्मला, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत माउंट हर्मनला १८८६ साली वायएमसीएच्या कॉलेज तरुणांचं शिबिर भरलं. तिथल्या अडीचशेच्या आसपास पोरांपैकी शंभर जण परदेशी मिशनकार्याला तयार झाले, त्यामागं हा रॉबर्ट. पुढं भारतात विद्यार्थ्यांमध्ये त्यानं वायएमसीएचं कामही केलं. तिकडच्या मिशनच्या इतिहासात त्याचं नाव ठळक आहे, इथं चर्चच्या दारात उभं राहून विचारलं तरी दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसेल.

मंगळवार पेठ : आमचे पीटीचे सर मद्रासच्या वायएमसीए कॉलेजात शिकलेले, हॅरी बक यांनी १९२० मध्ये काढलेल्या. सरांना बास्केटबॉलचं वेड, आणि गाव पडलं फुटबॉलचं! पाटाकडील-खंडोबा मॅच असली की सरावाला कुत्रं फिरकायचं नाही. रिंग लोहाराकडून वाकवून आणलेली, तिला जाळी कधीच नव्हती. त्यामुळं बॉल रिंगेतनं गेला का बाहेरनं, यावर रोज भांडणं. सर म्हणायचे, "१८९१ मध्ये वायएमसीएतल्या नेस्मिथनं बास्केटबॉल काढला, तेव्हा पीचच्या टोपल्या टांगल्या, तळ शाबूत. बॉल पडला की शिडी लावून काढायचा. तुम्ही जाळीसाठी रडताय?" व्हॉलीबॉलही वायएमसीएचाच, १८९५ चा, बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या वयस्कर सभासदांसाठी मॉर्गननं काढलेला. हे कळल्यावर आम्ही व्हॉलीबॉलवाल्यांना बरेच दिवस 'आजोबा' म्हणायचो.

राजारामपुरी : मुलाखतीसाठी मुंबई सेंट्रलच्या वायएमसीएत उतरलेलो. मी माळकरी घरातला, आईला धास्ती. कुणी धर्माचा विषयसुद्धा काढला नाही. चादर स्वच्छ, नाश्ता वेळेवर. एवढंच.

कसबा बावडा : सेवा चांगली, पण हेतू धर्मप्रसाराचाच ना? शाहू महाराजांनी सगळ्या जातिधर्मांची बोर्डिंगं उभी केली, १९१५ मध्ये ख्रिश्चन होस्टेलसुद्धा. त्यात असला हिशेब नव्हता.

धागाकर्ता : हेतू लपवलेला नव्हता, नावातच आहे. पण १९१६ मध्ये के. टी. पॉल हे इथल्या वायएमसीएचे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस झाले आणि खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या कर्जाचा, सहकाराचा प्रश्न कामात आला. तोही हिशेबात धरा की.

उचगाव : जाळीचं वाचून लई हसलो भावा. आमच्यात रिंगेला बारदान शिवलेलं, तळ फाडून. नेम कळायचा, पण पावसात भिजलं की आकसून बॉल आतच अडकायचा. मग शिपाईमामांची काठी!