उन्हाळ्यात पन्हाळ्याचा वळसा धावताना हिशेब कसा मांडावा?

प्रश्न

नमस्कार. मी रोज सकाळी कोल्हापुरातील रंकाळा तलावाभोवती धावतो आणि सपाटीवर दहा-बारा किलोमीटर धावण्याचा मला त्रास होत नाही. मे महिन्यात पायथ्याच्या बुधवार पेठेकडून पन्हाळगडावर चढून, तटाच्या कडेने गडाला पूर्ण वळसा घालून त्याच बाजूने खाली उतरावे, असा विचार आहे. गडाची तटबंदीच ७ किलोमीटरांहून अधिक आहे, त्यात चढ-उतार वेगळे. निघण्याची वेळ, वेग आणि पाणी यांबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे. गडावर हवा थंड असते, त्यामुळे उन्हाची चिंता नको, असे मित्र म्हणतात. त्यात कितपत तथ्य आहे?

उत्तर १

मित्रांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. पन्हाळा भोवतालच्या सखल भागापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच असल्याने वरची हवा फार तर दोन-तीन अंशांनी थंड असते. मात्र मेच्या पहिल्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य कोल्हापूरच्या थेट डोक्यावर येतो आणि उघड्या तटावर तापलेला जांभा खालूनही भाजून काढतो.

तुमची खरी अडचण वेगळीच आहे. बुधवार पेठेची बाजू पूर्वेला असल्यामुळे तो उतार सूर्योदयापासूनच तापू लागतो. चढ अंधारात उरकला तरी परतताना, म्हणजे पाय सर्वांत थकलेले असताना, ऊन समोरून तोंडावर येते. त्यामुळे डोक्याला विजेरी लावून पहाटे पाचच्या आत निघावे, उजाडता उजाडता गडाच्या पूर्वेकडचा चार दरवाजा गाठावा, त्याच बाजूची सज्जा कोठीकडची उघडी कड आधी संपवून मग पश्चिमेकडच्या पुसाटी बुरूज आणि तीन दरवाजाकडे वळावे. उतरण्यासाठी एसटीचा किंवा मित्राच्या गाडीचा आधार घेतला तर उत्तमच. वळसा गडावर संपला म्हणून तो अपुरा ठरत नाही.

वेगाबद्दल एवढेच सांगतो की, चढावर घड्याळाकडे पाहू नये. तिथे स्नायू भरपूर उष्णता निर्माण करतात, पण वेग मंद असल्याने अंगाला वारा लागत नाही आणि घाम नुसता निथळतो, वाळत नाही. दम लागून वाक्य पूर्ण बोलता येईनासे झाले की सरळ चालू लागावे.

उत्तर २

वेळेबाबत दुमत नाही, पण एक मुद्दा राहिला. पहाटेच्या गारव्यात रंकाळ्यावर कितीही धावले तरी शरीराला उन्हाची सवय होत नाही. ती व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात आणि त्या काळात रोज थोडा वेळ, हलक्या गतीने, ऊन वर आल्यावर धावावे लागते. मग घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठही कमी जाते.

पाणी सोबतच न्यावे, कारण पहाटे गडावरील दुकाने उघडी असतील, या भरवशावर निघणे योग्य नाही. मात्र तहान नसताना घटाघट साधे पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरते. डोके दुखते, मळमळते, आणि ऊन लागले असे समजून माणूस आणखी पाणी पितो. एक लीटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती मिश्रण पुरेसे आहे. परतल्यावर मीठ घातलेला मठ्ठा किंवा नाचणीची आंबील घ्यावी. (तांबडा-पांढरा रस्सा दुपारपर्यंत थांबू शकतो, हे कोल्हापूरकराला पटणार नाही, तरीही सांगतो.)

उत्तर ३

कोणी संध्याकाळी धावण्याचा सल्ला दिल्यास तो मानू नये. दिवसभर तापलेला कातळ लवकर निवत नाही आणि मे महिन्यात वळीव नेमका दुपारनंतर गाठतो. उघड्या तटावर वीज हा थट्टेचा विषय नाही. कड्याला आग्या मोहोळ दिसल्यास गाजावाजा न करता दूर व्हावे.

शक्यतो एकटे जाऊ नये. सोबती असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर उष्माघात समजावा, मग अंगाला घाम असला तरी. त्याला सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणे थांबवू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. उतरण गाडीने करण्याचे ठरवले आहे आणि उन्हाच्या सवयीसाठी बेत महिन्याच्या उत्तरार्धात ढकलतो. रस्त्यावरचे नेहमीचे बूट चालतील का?

उत्तर १

डांबरी रस्त्यावर चालतील. तटाकडेच्या पायवाटेवर जांभ्याचा बारीक मुरूम आणि त्यावर सुकलेले गवत असते, त्यावर गुळगुळीत तळवा सटकतो. खाचदार तळव्याचे बूट घ्यावेत आणि आधी पंधरवडाभर वापरून पाहावेत.