स्लॅबमधल्या नाण्याच्या रंगाची जबाबदारी कोणाची?

चर्चाप्रस्ताव (रौप्यप्रेमी):
अमेरिकेचे मॉर्गन डॉलर जमवणारे काही संग्राहक आता आपल्याकडेही आहेत, म्हणून हा विषय मांडतो. 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडलेले हे नाणे 90 टक्के चांदीचे आहे. यांतली असंख्य नाणी हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत सरकारी तिजोऱ्यांमध्ये कित्येक दशके पडून राहिली, आणि कापडाला टेकलेल्या नाण्यांवर गंधकामुळे सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर चढला. थर जसजसा जाड होतो तसतसा आधी फिकट सोनेरी, मग किरमिजी, मग निळा असा रंग दिसू लागतो. अशा सप्तरंगी नाण्याला त्याच प्रतीच्या पांढऱ्या नाण्याच्या कित्येक पट किंमत मिळते आणि लबाडीला वाव मिळतो तो इथेच, कारण हाच थर गंधकयुक्त रसायने व उष्णता वापरून अल्पावधीत चढवता येतो.

नाण्यांची परीक्षा करणाऱ्या दोन अमेरिकी कंपन्या, पीसीजीएस 1986 पासून आणि एनजीसी 1987 पासून, नाणी प्रत ठरवून प्लास्टिकच्या डबीत, म्हणजेच ‘स्लॅब’मध्ये, बंद करून देतात. रंग संशयास्पद वाटला तर प्रतीचा अंक नाकारला जातो, हे योग्यच आहे. परंतु ही डबी पूर्णपणे हवाबंद नसते. पांढऱ्या नाण्याला एमएस 65 (न वापरलेल्या नाण्याची वरची प्रत) असा अंक मिळवून घ्यायचा आणि मग ते डबीसकट गंधकाच्या वाफेत ठेवायचे, हा मार्ग त्यामुळे मोकळा राहतो. डबी शाबूत, लेबल खरे, अंकही खरा, पण रंग बनावट. माझे स्पष्ट मत आहे की प्रत्येक चांदीच्या नाण्याचे बंद करतेवेळचे छायाचित्र प्रमाणपत्र क्रमांकाला जोडणे या कंपन्यांनी सक्तीचे करावे.

प्रतिसाद (टांकसाळ):
असहमत. लेबलावरचा अंक नाण्याची झीज, ओरखडे, ठशाचा उठाव आणि चमक यांबद्दल बोलतो. रंगासाठी मोजलेली जादा किंमत हा ग्राहकाचा स्वखुशीचा सौदा आहे. शिवाय थैलीत बनलेले सल्फाइड आणि भट्टीत बनलेले सल्फाइड रासायनिकदृष्ट्या एकच असल्यामुळे परीक्षकही फार तर ‘बाजाराला मान्य होईल असा रंग’ एवढेच म्हणू शकतो. जे सिद्धच करता येत नाही त्याची हमी मागण्यात काय अर्थ आहे?

प्रतिसाद (जुनी थैली):
रसायन एक असले तरी खुणा एक नसतात. थैलीतल्या नाण्यावर पुष्कळदा कापडाच्या विणीची बारीक जाळी उमटलेली असते आणि त्याच्यावर दुसरे नाणे पडून राहिले असेल तर झाकलेला भाग पांढरा राहून रंगाची चंद्रकोर तयार होते. भिंगाखाली पाहिले तर सोनेरीतून किरमिजी आणि किरमिजीतून निळा असा उतार सापडतो. घाईने रंगवलेल्या नाण्यावर गडद निळा थेट पांढऱ्या चांदीला भिडलेला दिसतो, मधल्या पायऱ्याच नसतात. निव्वळ एका खुणेवर निकाल देऊ नये हे खरे, पण परीक्षक शुल्क घेतात ते अशा अनेक खुणा एकत्र वाचण्यासाठीच. आणि रंग हा अंकाबाहेरचा विषय असेल, तर देखणेपणासाठी एनजीसी लेबलावर जो तारा देते, तो रंगीत नाण्यांना कसा मिळतो?

प्रतिसाद (कोकणकडा):
छायाचित्राची कल्पना चांगली आहे, पण तिच्यावरून लबाडीचा निष्कर्ष काढू नये. माझ्याकडचा पंचम जॉर्जचा 1918 चा रुपया डबीत असूनही कडेने सोनेरी झाला आहे, आणि त्याला मी हात लावलेला नाही. डबी पुठ्ठ्याच्या खोक्यात होती, खोक्याला रबरबँड होते आणि बाहेर समुद्राकाठचा पावसाळा होता. पुठ्ठा आणि रबर दोन्हींतून गंधक सुटते. मग हा रंग नैसर्गिक म्हणायचा की कृत्रिम? तांब्याच्या नाण्यांचा रंग पुढे बदलला तर त्याची हमी पीसीजीएस आता देत नाही. चांदीलाही हाच नियम लावणे मला जास्त प्रामाणिक वाटते.

रौप्यप्रेमी:
आपला मुद्दा मला पटतो, आणि म्हणूनच ‘बनावट’ असा शिक्का मारावा असे मी म्हणत नाही. छायाचित्रात पांढरे असलेले नाणे आज सप्तरंगी असेल तर ‘रंग बंद केल्यानंतर आलेला’ एवढी नोंद पुरेशी आहे. त्या रंगासाठी पैसे मोजायचे की नाहीत, हे मग ग्राहक ठरवेल. हमी काढून घेतली आणि छायाचित्रही दिले नाही, तर सगळा तोटा शेवटच्या खरेदीदाराच्या माथी येतो, हे मात्र मला अजिबात मान्य नाही.

टांकसाळ:
नव्या नाण्यांपुरते हे मान्य करता येईल. पण पीसीजीएसच्या जुन्या हिरव्या लेबलांच्या डब्यांना तर संग्राहक आवर्जून जास्त भाव देतात आणि त्या काळातल्या बहुतेक नाण्यांचे छायाचित्रच नाही. त्यांचे काय करायचे, ते आधी सांगावे.